ठमाबायचे गुडघे

३ डिसेंबर १९५९, गुरुवार. आज प्रसूतिगृहातलं औषधांचं कपाट रिकामं करायला घेतलं. मुदत संपलेलं फेकायचं, चिकटलेली बुचं उकळत्या पाण्यात टाकायची, कोपऱ्यातल्या झुरळांचा बंदोबस्त करायचा. वर्षातून एकदा हे करावंच लागतं आणि दुसरं कुणी करत नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात शार्कच्या तेलाची अर्धी बाटली निघाली. लेबल तेल पिऊन पिऊन आरपार दिसायला लागलं होतं. बाटली फेकली. हात तीनदा साबणानं धुतले, तरी वास गेला नाही. ही बाटली ठमाबायची. ती गेली त्यालाही आता दुसरा पावसाळा उलटला. कपाट अर्धवट टाकून बसलेच आहे, तर तिच्याबद्दल लिहूनच टाकते.

ठमाबाय पालेगावची सुईण. वय किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तिला तर नाहीच. माहेर खाडीकडचं. लहानपणी मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेलं. अंगानं सुकटासारखी वाळकी, काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला, आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाईल असा. पालेगावातली आणि आसपासच्या पाच-सहा गावांतली निम्मी माणसं तिच्या हातांतून या जगात आलेली. उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी मंडळी बराकीत येऊन राहिली तेव्हा ती तिथेही जाऊ लागली. तिला सिंधी येत नव्हतं आणि त्यांना हिची आगरी बोली कळणं शक्य नव्हतं. मी एकदा विचारलं, "मग तू त्यांना सांगतेस कसं?" तर म्हणाली, "कन्हनं सगल्या जातींचं येकच असतं. मी तेवरंच ऐकतंय."

मी अंबरनाथ पश्चिमेच्या या प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागले तेव्हा इथे सहा खाटा आणि एक टेबल होतं. टेबल पाहायला ती मुद्दाम आली. सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं, वरून हात फिरवला आणि मला विचारलं, "शिस्टर, यावरशी बाय खाली परली म्हंजे?"

"नाही पडत. मी असते ना."

"तू खाली वाकून झेलशील?"

मी तेव्हा नवी होते आणि फार शिकलेली होते. मी तिला सांगितलं, "चपला बाहेर काढायच्या. आणि आत यायचं नाही. हा आमचा नियम आहे."

"चपला कोनाला हाईत?" असं म्हणून ती अनवाणी बाहेर गेली आणि पायरीवर बसून तिनं तंबाखू मळली. पुढची काही वर्षं आमचं हे असंच चाललं. ती पायरीपर्यंत, मी दारापर्यंत.

तिचे गुडघे तेव्हाही कुरकुरत असणार. माझ्या लक्षात आलं ते तिच्या चालीवरून. आमच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत. त्या ती चढायची सरळ आणि उतरायची आडवी, एक हात भिंतीला लावून. मी म्हटलं, "ठमाबाय, चिंबोरीसारखी काय चालतेस?"

"चिंबोरीला धा पाय," ती म्हणाली. "येकदा तरी गुरघा धरून बसलेली बगलीस?"

आमच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. गुडघा वाकवला की आतून वाळू दळल्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं, की दोन हाडांच्या मधली गादी झिजलीय, वय झालं की झिजते, गेलेली परत भरत नाही. शेक घे, जास्त उकिडवं बसू नकोस. ठमाबायनं सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय चांगली हाय. पन सुईनीला सांगते उकिरवी बसू नको. मंग मी काय झारावर चरून बालंतपन करू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. गावात बाळंतपण जमिनीवर. सुईण समोर उकिडवी बसणार, टाचा टेकलेल्या, हात मोकळे. तासभर बसावं लागलं तर तासभर. ज्या दिवशी बसता येणार नाही त्या दिवशी सुईणपण संपलं. आणि ठमाबायला ते एवढ्यात संपवायचं नव्हतं, कारण सगुणाला दिवस गेले होते.

सगुणा म्हणजे तिची नात. सून राधेची थोरली मुलगी. राधेची बाळंतपणं ठमाबायनं केली होती, सगुणानं पहिला श्वास तिच्याच हातात घेतला होता. आता सगुणाचं पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी, पालेगावात व्हायचं होतं. माघात. ठमाबायनं गावभर सांगून टाकलं होतं, की ते मूल माझ्याच हातात येणार. मी सगुणाचं नाव आमच्या वहीत घालायला सुचवलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली.

म्हणजे भाद्रपद ते माघ एवढ्या वेळात गुडघे तयार करायचे होते. त्यासाठी ठमाबायनं जे जे खाल्लं त्याची यादी मी केली असती तर डॉक्टरीणबाईंच्या औषधांच्या यादीपेक्षा मोठी झाली असती.

पहिलं हे शार्कचं तेल. डॉक्टरीणबाईंनीच दिलं, चुन्याच्या गोळ्यांबरोबर. रोज एक चमचा. ठमाबायनं बाटली हुंगली आणि विचारलं, "कशाचं?"

"मोठ्या माशाच्या काळजाचं."

तिनं जिभेवर थेंब घेतला. शार्कला त्यांच्याकडे मोरी म्हणतात. "ही तं मोरी! मोरी आमी घरी रांदून खातो. बाटलीत कशाला भरलीव?" तरी प्यायली. बाटली मात्र घरी न्यायला तयार नव्हती, कारण घरी मांजर होतं. ती आमच्याच कपाटात ठेवायची आणि येता-जाता पायरीवर बसून चमचा मागायचा, अशी पद्धत पडली. तोंड वाकडं न करता ते तेल पिणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

दुसरं, बाळंतिणीचं खाणं. डिंक, मेथी, अळीव, खारीक, सुंठ हे सगळं बाळंतिणीला हाडं भरून यावीत म्हणून द्यायचं ही आपली रीतच आहे. ठमाबायचं म्हणणं असं, की मूल जन्मताना जेवढी हाडं बाळंतिणीची झिजतात तेवढीच समोर बसणाऱ्या सुईणीची झिजतात. तेव्हा ज्या घरी बाळंतपण करील तिथे ती आधी लाडू बांधायला लावी आणि दोन वाटे करायला सांगे. एका घरी सासूनं कुरकूर केली, "सुईनीला कशाला वाटा?" ठमाबाय शांतपणे म्हणाली, "बरा. पुढच्या येलेला तुज्या सुनंला लारूच बालंत करतील." लाडू मिळाले.

तिसरं कॅम्पातलं. तिथल्या मोहिनीबेनचं तिसरं मूल ठमाबायनं सोडवलं होतं. ही मोहिनीबेन थंडीत सुका मेवा, मावा आणि खसखस घालून माजून नावाचा गोड पदार्थ करायची. फाळणीत घर सोडून आलेली ही माणसं बराकीत एका पडद्यामागे संसार करत होती, पण थंडीचा माजून चुकवत नव्हती. तिनं ठमाबायला डबाभर दिला आणि बजावलं, "अम्मा, सुबह एक टुकडा. बस एक. बहुत गरम होता है."

ठमाबाय मला म्हणाली, "गरम हाय बोलते. थंडा करून दिला व्हता की तिनं."

चौथं तिचं स्वतःचं. शेतातल्या चिंबोऱ्या पकडायच्या, नांग्यांसकट पाट्यावर ठेचायच्या, फडक्यातून रस गाळायचा आणि लसूण-मिरी घालून त्याचं सार करायचं. तिच्या मते सगळ्यांत गुण याचाच. मी म्हटलं, "कवच खाऊन गुडघा कसा बरा होईल?" ती म्हणाली, "तू बाटलीतली मोरी देतंस ती कशी व्हते?" मी हे डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

गुडघे किती सुधारले हे मोजायची तिची रीतही तिचीच होती. रोज सकाळी चुलीवर भाताचं आधण ठेवायचं आणि समोर उकिडवं बसायचं. भात शिजेपर्यंत बसता आलं तर गुडघे पास. त्याआधी उठावं लागलं तर भात तिथेच उतरवायचा. दुसऱ्या कुणी चुलीला हात लावायचा नाही. एकदा बाजाराला आलेली राधा माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. "शिस्टर, मामंजी कच्चा भात खाऊन वैतागले. तिला काय तरी चांगला औषीद द्या ना." पौषात एक दिवस गुडघे बरे होते म्हणून ठमाबाय अभिमानानं बसूनच राहिली आणि भात करपला. त्या दिवशी ती मला सांगायला मुद्दाम आली. दोन मैल चालून. "करपला, बाय! पार काला झाला!" इतकं आनंदानं करपलेल्या भाताचं वर्णन मी कधी ऐकलं नाही.

पण तो एकच दिवस. नंतर थंडी वाढली आणि भात पुन्हा कच्चा राहू लागला. माघ लागला. सगुणा भरली होती, आज की उद्या. ठमाबाय पायरीवर येऊन बसली तेव्हा पहिल्यांदाच तंबाखू न मळता बसली.

"शिस्टर, या तुमच्या चमच्यांनी काय व्हनार नाय," ती म्हणाली.

"धीर धर. एका दिवसात कुठलंच औषध लागू पडत नाही."

"लावनीच्या आदी शेतात खत टाकतो तो काय रोज चमचा चमचा टाकतो? येकदमच टाकतो ना?"

मी कुणाचं तरी तापमान घ्यायला निघाले होते. "हो हो," म्हटलं आणि आत गेले. माझं लक्ष नव्हतं, ही माझी चूक. बाहेर येऊन पाहते तो बाई गेलेली. आणि तिच्यासाठी पायरीवर आणून ठेवलेली तेलाची बाटली अर्धी झालेली.

पुढचं राधेनं सांगितलं. त्या दोन दिवसांत ठमाबायनं शेताला घालतात तसं खत घातलं. अर्धी बाटली तेल, उरलेला सगळा माजून, मेथीचे नऊ लाडू आणि वर चिंबोऱ्यांचं सार, वाटीनं नव्हे, टोपानं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाला कळा सुरू झाल्या आणि त्याच घटकेला ठमाबायच्या पोटात वादळ उठलं. लोटा घेऊन ती शेताकडे धावली. परत आली, सगुणाच्या पोटावर हात ठेवला, पुन्हा धावली. असं सहा वेळा. राधा म्हणाली, "शिस्टर, गुरघं येकदम चांगलं झालं व्हतं हो. दर येलेला बसत व्हती, उठत व्हती. पन घरात टिकंल तर ना!"

सातव्या वेळी सासू शेतात असताना राधेनं बैलगाडी जुंपायला लावली आणि पोरीला माझ्याकडे घेऊन आली. सासूला विचारलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं असेल.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी मुंबईला गेल्या होत्या. दुपारचे बारा वाजले होते. सगुणा टेबलावर, मी आणि एक आया. पहिलटकरीण, घाबरलेली, कळा येत होत्या पण मूल पुढे सरकत नव्हतं. अशा वेळी करायचं ते सगळं मी केलं. तासाभरानं बाहेर खोकल्याचा आवाज आला. ठमाबाय दोन मैल चालत आली होती. दारात उभी. तोंड पांढरंफटक, ओठ सुकलेले, हात मात्र कोपरापर्यंत घासून धुतलेले.

"मना आत घे," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "तुझं पोट बिघडलंय. आत यायचं नाही."

हा नियम बरोबर होता. आजही मी तेच करीन. तिलाही तो कळला असावा, कारण तिनं वाद घातला नाही. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "सा म्हयने गुरघे पोसले गं." आणि बाहेर बाकावर बसली. मी दार लावून घेतलं आणि आयेला तिला मीठ-साखरेचं पाणी नेऊन द्यायला सांगितलं.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. "शिस्टर, कशी कन्हते ती? पाठीत दुकतंय तिला. डाव्या कुशीवर घे."

मी ऐकलं नाही.

"डाव्या कुशीवर घे. वरचा पाय दुमडून धर."

दार बंद होतं. तिला दिसत काहीच नव्हतं. मी मला शिकवलेलं करत राहिले. दहा मिनिटं गेली आणि सगुणाचा आवाज बदलला, थकल्यासारखा झाला. तेव्हा मी तिला डाव्या कुशीवर घेतलं आणि वरचा पाय दुमडून आयेच्या हातात दिला. तीन कळांत डोकं फिरलं. पाऊण तासानं मुलगी झाली. रडली चांगली, पालेगावापर्यंत ऐकू जाईल अशी. आवाज कुणाचा घेतला ते सांगायला नको.

मुलीला पुसून, गुंडाळून मी दारापाशी नेलं. ठमाबायनं हात पुढे केले नाहीत. पाठीमागे बांधून घेतले आणि लांबूनच मान वाकवून पाहिलं. "नाल नीट बांदलीस?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग ती पायरी आडवी उतरून गेली, कारण तिला पुन्हा घाई झाली होती.

पाचव्या दिवशी पाचवीला मला पालेगावाहून बोलावणं आलं. मी सहसा जात नाही. एकीकडे गेलं की सगळीकडे जावं लागतं. पण राधा स्वतः गाडी घेऊन आली होती. पाचवीला सुईणीचा मान असतो. तिला पाटावर बसवून पायांवर पाणी घालायचं, तेल लावायचं, ओटी भरायची. त्या घरात हा मान आजवर ठमाबायनंच घेतला होता. मी गेले तो अंगणात पाट मांडलेला, भोवती रांगोळी, बाजूला तांब्या. मी ओसरीकडे वळले तर ठमाबाय म्हणाली, "तितं नाय. हितं."

"हा पाट तुझा आहे."

"मूल कोनाच्या हातात आलं?"

"तू सांगितलंस तसं केलं मी."

"सांगितलं तं सगलेच सांगतात. हात कोनाचा व्हता?" आवाज तोच, दोन शेतांपलीकडे जाणारा. तिनं पाटाकडे बोट दाखवलं. "बस."

मी बसले. मला वाटलं राधा पाणी घालील. पण ठमाबायनं तांब्या स्वतः उचलला आणि माझ्यासमोर सावकाश खाली बसली. भिंत धरली नाही, कुणाचा हात धरला नाही. टाचा टेकून, पूर्ण उकिडवी. तिचे दोन्ही गुडघे वाजले, ते मला ऐकू आले. मी म्हटलं, "ठमाबाय, पुरे, ऊठ." तिनं लक्ष दिलं नाही. एकेका पायावर पाणी घातलं, बोटांच्या बेचक्यांतून पुसलं, तेल लावलं, आरामात, जशी तिला दिवसभर दुसरं काही काम नाही. भात शिजला असता एवढा वेळ ती तशी बसली होती.

मग उठायला गेली आणि उठवेना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. मी आणि राधेनं तिला काखेत धरून उभं केलं. एक म्हातारी हसली, "गं ठमे, झाले का तुजे गुरघे बरे?"

ठमाबायनं लुगडं झटकलं. "बसेन बोलले व्हते, बसले," ती म्हणाली. "उठेन असा कोन बोलला व्हता?"

बायका हसल्या. तीही हसली, पण माझा दंड तिनं अजून सोडला नव्हता आणि तिचं वजन मला कळत होतं.

मी निघाले तेव्हा ती वेशीपर्यंत गाडीच्या मागे आली. तिला थांब म्हटलं तरी थांबेना. शेवटी बांधाला टेकून उभी राहिली. गाडी वळली तेव्हा तिचं ओरडणं ऐकू आलं. "शिस्टर! पाटावरशी उठलीस तवा तुजा पन गुरघा वाजला! मना ऐकू आला!" गाडीवानानं मागे वळून माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मी त्याला पुढे बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कामावर गेले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचं एक उंच, टेकायला पाठ असलेलं स्टूल होतं. त्या त्यावर कधी बसत नसत, फक्त पर्स ठेवत. पर्ससाठी मेजावर जागा केली. स्टूल गरम पाण्यानं आणि फिनाइलनं धुतलं, उन्हात वाळवलं आणि बाळंतपणाच्या खोलीत नेलं. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, हे कुणासाठी? मी सांगितलं, पालेगावच्या बायका यायला लागतील, त्यांच्याबरोबर एक जाणती बाई लागेल, आणि तिला उभं राहवत नाही, खाली बसवत नाही. त्यांनी पर्स मेजावर ठेवली. मी स्टूल टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवलं होतं. जरा विचार करून उचललं आणि डाव्या अंगाला ठेवलं. ठमाबाय डावखुरी होती.